अडत घेता, मग मालाचंही बोला

पुण्याच्या एक ताई परवा माझ्या शाहूपुरीतल्या दुकानात आल्या. अंबाबाईच्या दर्शनाला आल्या होत्या. पिशवीतून चप्पलजोड काढून म्हणाल्या, "कोल्हापुरी आहे, तर कोल्हापुरातच शिवून घ्यावी म्हटलं."

जोड उचलला आणि हाताला वजनच लागलं नाही. रापीच्या टोकानं तळाची कड उकलली. वर चामड्याच्या रंगाचं रेक्झिन, मधे दाबलेला पुठ्ठा, खाली रबर, आणि सगळं सोल्यूशननं चिकटवलेलं. कडेनं दिसणारी शिलाई म्हणजे नुसता ठसा होता, त्यातून दोरा कधी गेलाच नव्हता.

"ताई, यात शिवण धरणार कशात?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल दाखवला. ऑर्डरवर लिहिलं होतं: 'अस्सल कोल्हापुरी, शुद्ध चामडं, हातशिलाई'. तक्रारीला वेबसाइटचं उत्तर आलं होतं की आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, विक्रेत्याशी बोला. आणि विक्रेता तोवर नाहीसा झाला होता.

मी तिसऱ्या पिढीचा कारागीर. आमच्या घरी अजूनही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं येतं. तळ मी कापतो, पट्ट्यावरची वेणी माझी आई घालते, शिवण चामड्याच्या वादीची असते. खिळा कुठेही नसतो. त्या छापील शिलाईनं ताईंचे पैसे गेले, तसा आईच्या बोटांचा मानही गेला.

'कोल्हापुरी चप्पल' या नावाला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे ते नोंदलेलं आहे. म्हणजे हे नाव मोकळं पडलेलं नाही. मग पुठ्ठ्यावर ते चिकटवून विकलं गेलं, तर विचारायचं कुणाला?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 नुसार, दुसऱ्याचा मजकूर नुसता दाखवणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण आहे. लबाडी कळल्यावरही त्यानं काही केलं नाही, तर मात्र ते संरक्षण जातं. यावरचा एक गाजलेला खटला चपला-बुटांचाच आहे. ख्रिश्चन लूबुतां या फ्रेंच बूटवाल्यानं एका भारतीय वेबसाइटला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. नोव्हेंबर 2018 मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला: जी वेबसाइट मालाच्या अस्सलपणाची हमी देते आणि विक्रीत स्वतः उतरते, तिला मध्यस्थ म्हणून हात झटकता येणार नाहीत. पुढे 2020 मध्ये अॅमवेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं सक्रिय आणि निष्क्रिय मध्यस्थ हा भेद मान्य केला नाही. त्यामुळे वाद मिटलेला नाही.

परदेशातही एकमत नाही. ऑनलाइन लिलावाच्या ईबेवर टिफनी या दागिनेवाल्या कंपनीनं अमेरिकेत दावा लावला. 2010 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं की बाजारात बनावट माल असतो एवढं मोघम माहीत असून भागत नाही, नेमका कोणता माल बनावट ते ईबेला कळलेलं असलं पाहिजे. उलट 2011 मध्ये लॉरिअलच्या प्रकरणात युरोपच्या न्यायालयानं म्हटलं की विक्री वाढावी म्हणून जाहिरात सजवायला ईबेनं हातभार लावला, तर संरक्षण मिळणार नाही.

मला स्वतःला हा प्रश्न शाहूपुरीनंच शिकवला. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली ही पेठ गुळाची. माझे वडील लहानपणी अडत दुकानांपुढून चपलांची पाटी घेऊन जायचे. गुळाचे सौदे ते थांबून बघत. ते सांगायचे, रवा फोडला आणि आत काळा निघाला, तर व्यापारी शेतकऱ्याच्या गावाला जात नसे. अडत्याच्या गादीपुढं येऊन उभा राही. ज्यानं अडत घेतली, त्यानं उत्तर द्यायचं, ही पेठेची रीत होती. वेबसाइटही प्रत्येक विक्रीवर आपलं कमिशन कापून घेतेच.

कोट्यवधी वस्तूंतला एकेक तळ कुणी उकलून पाहू शकणार नाही, हे मला मान्य आहे. पण मी तेवढं मागतच नाही. मानांकन वापरण्याचा अधिकार ज्याच्याकडे नोंदलेला आहे, त्याचा नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय 'कोल्हापुरी' हा शब्द मालावर चढू देऊ नये, एवढंच मागणं आहे. तो क्रमांक संगणकाला तपासता येईल.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांत बरंच चांगलं आहे. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायचा, वर्णन मालाशी जुळतं अशी त्याच्याकडून हमी घ्यायची, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करायचं. पुन्हा पुन्हा पकडल्या गेलेल्या विक्रेत्यांची नोंदही ठेवायला सांगितली आहे. मात्र ती कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि माहिती तंत्रज्ञान या कायद्यांखाली काढलेल्या मालापुरती. भौगोलिक मानांकनाचा कायदा त्या ओळीत नाहीच! फ्रेंच बुटाचं नाव चोरणारा त्या वहीत येतो, माझ्या आईच्या वेणीचं नाव चोरणारा येत नाही. ती ओळ सरकारनं आज दुरुस्त करावी.

ताईंची तक्रार माझ्याच दुकानात बसून लिहिली. उकललेल्या तळाचा फोटो, ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि वेबसाइटचं उत्तर एकत्र केलं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 लावून तक्रार नोंदवली. तुमच्यावर अशी वेळ आली, तर हेच करा, आणि तो जोड फेकू नका. पुरावा तोच आहे.

ताई निघताना मी त्यांच्या हातात शिवायला घेतलेला एक तळ दिला. त्यांनी तो वाकवला, वादीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा उसवला तर?"

मी दारावरच्या पाटीकडं बोट केलं. तिच्यावर माझ्या आजोबांचं नाव आहे.