मदत मागायची, ती लेखी

तिसरीतल्या मुलाची वही उघडून बघा. वरची तारीख फळ्यावरून बरोबर उतरवलेली. खाली ‘शाळा’ची ‘शळा’ झालेली, पहिली-दुसरी वेलांटी कुठेही पडलेली, जोडाक्षर आलं की शब्द अर्ध्यावर सोडलेला. तोच धडा तोंडी विचारला तर मूल घडाघडा सांगतं. अशा वहीवर सहसा ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो आणि घरी शिकवणी ठरते. अडचण अध्ययन अक्षमतेची असेल, तर नुसत्या शिकवणीने ती सुटत नाही. या मुलाला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं, आणि तसं शिकवून घेण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार धरले आहेत. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी हे सगळे त्यात येतात. याच कायद्याचं कलम १६ सांगतं, की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवण्याची व्यवस्था शाळेने करावी. शाळा अनुदानित असो की केवळ मान्यताप्राप्त, हे तिलाही लागू आहे.

पालकांची सर्वात मोठी गफलत इथेच होते. ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ हे शाळेचं उत्तर ते निमूट मान्य करतात आणि मुलाचं वर्ष जातं. प्रमाणपत्र लागतं ते परीक्षेतल्या सवलतींना आणि सरकारी योजनांना. मुलाला पुढच्या बाकावर बसवणं, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ देणं, लेखीऐवजी तोंडी उत्तर घेणं, यासाठी कुठल्याच कागदाची गरज नाही. म्हणून दोन्ही कामं एकदमच सुरू करा.

पहिलं काम म्हणजे मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज. तोंडी बोलणं वर्गशिक्षिका बदलल्या की विरून जातं, अर्ज राहतो. त्यात ‘मूल कच्चं आहे’ असं लिहू नका, दिसतं ते लिहा: ‘पाच ओळी उतरवायला अर्धा तास लागतो’, ‘बेरीज येते, पण शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही.’ सोबत वहीच्या दोन-तीन पानांच्या झेरॉक्स जोडा. शेवटी मागणी स्पष्ट असू द्या: विशेष शिक्षकांकडून मुलाची पाहणी करावी आणि त्याच्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करावा. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत विशेष शिक्षक रोज नसतात. समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी जोडलेले असतात आणि अनेक शाळा सांभाळतात. त्यामुळे अर्जाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेही द्या. खासगी विशेष शिक्षक लावणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारा. त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

दुसरं काम प्रमाणपत्राचं. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा, रुग्णालय निवडायचं आणि बोलावलं की मुलाला घेऊन जायचं. त्यातूनच यूडीआयडी कार्ड मिळतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतरच देतात. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. मुंबईत शीव आणि नायर या पालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. मूल मराठी माध्यमाचं असेल, तर चाचणी मराठीतूनच घ्या म्हणून आग्रह धरा. इंग्रजीतल्या चाचणीत ते अडखळलं, तर ते अक्षमतेमुळे की भाषा परकी म्हणून, हे कसं कळणार? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

मूल अजून अंगणवाडीत असेल आणि बोलायला किंवा चालायला उशीर होत असेल, तर शाळेची वाट बघत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. या वयात सुरू झालेल्या उपचारांचा फायदा फार मोठा असतो.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. घराबाहेर नेणंच शक्य नसेल, तर गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. दिव्यांग आहे म्हणून कोणी प्रवेश नाकारला, तर नकार लेखी मागा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. शिक्के मारून घेतलेल्या सगळ्या प्रती तेव्हा कामी येतात.

दहावीच्या सवलती, म्हणजे वाढीव वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय, यांचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. अध्ययन अक्षमतेची तपासणी चौदाव्या वर्षी पुन्हा करावी लागते आणि रुग्णालयाची तारीख मिळायला वेळ जातो. त्यामुळे आठवी संपता संपताच नाव नोंदवा आणि नववीत प्रस्ताव तयार ठेवा.