काचेच्या बाटलीतील दूध

मुंबईत आरे वसाहतीचे दूध एकेकाळी काचेच्या बाटल्यांतून घरोघरी पोहोचत असे. काच दुधाचा वास धरून ठेवीत नाही; म्हणून घरी दूध साठविण्यास ती योग्य ठरते. मात्र पारदर्शक काचेतून प्रकाश आत शिरतो. त्यामुळे दुधातील ‘ब-२’ जीवनसत्त्व नष्ट होऊ लागते व चवही बिघडते. यास्तव बाटली उजेडात ठेवू नये. दूध तापवून लवकर निववावे व मगच बाटलीत भरावे. कढत दुधाने थंड काच तडकण्याचा संभव असतो. भरलेली बाटली शीतकपाटात ५ अंश सेल्सियसखाली ठेवावी. रिकामी होताच ती प्रथम थंड पाण्याने विसळावी, नंतर सोड्याच्या गरम पाण्याने व ब्रशने घासावी. तळाशी राहिलेला थोडासा अंशही दुसऱ्या दिवशीचे ताजे दूध नासवितो.