भिंगांमधलं घड्याळ

व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी १९४८ मध्ये आणलेल्या १६००एफ कॅमेऱ्याचं शटर पेटीत, फिल्मच्या अगदी पुढ्यात होतं. पातळ पोलादी पत्र्याचा तो पडदा सेकंदाच्या १/१६०० भागाचा वेग गाठायचा, पण नाजूक होता आणि वारंवार बिघडायचा. १९५७ च्या ५००सी मध्ये त्यांच्या गोथेनबर्गच्या कंपनीने ते दुखणंच पेटीबाहेर काढलं. शटर लेन्समध्ये गेलं. कमाल वेग १/५०० वर उतरला, पण आता कोणत्याही वेगाला फ्लॅश जुळू लागला आणि स्टुडिओवाल्यांचं काम सोपं झालं. १९६२ मध्ये वॉल्टर शिरा यांनी ५००सी मर्क्युरी यानातून अवकाशातही नेला.

या एका बदलाने लेन्सची जात बदलली. ८० मिलिमीटर, एफ/२.८ प्लानारची भिंगं कार्ल झाइसची. त्यांच्या मधोमध बसलेलं सिंक्रो-कॉम्पुर शटर म्युनिकच्या डेकेलचं. स्प्रिंगा, दाते, तरफा असलेलं हे चक्क घड्याळच. पेटीची किल्ली फिरवली की फिल्म सरकते, आरसा खाली येतो आणि लेन्समधल्या स्प्रिंगलाही चावी बसते. बटण दाबलं की उघडं शटर मिटतं, अ‍ॅपर्चर ठरल्या आकड्यावर येतं, आरसा वर जातो, मागची दोन झडपं उघडतात आणि मगच शटर फिल्मवर प्रकाश सोडतं. लांब एक्स्पोजरमध्ये बोट लवकर उचललं तर झडपं मिटतात आणि फोटो अर्धवट राहतो.

लेन्स काढताना पेटी आणि शटर दोन्हींना चावी दिलेली हवी. सुट्या लेन्सचं शटर चुकून सुटलं, तर मागच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून त्याला पुन्हा चावी देता येते. पेटीवरच अडकलेल्या लेन्सला मात्र हिसका देऊ नये. सेल्फ-टायमरचा ‘व्ही’ खटकाही जुन्या लेन्सवर न वापरलेलाच बरा. तो अडकला की शटरही अडकतं.

ही यंत्रं वापरापेक्षा पडून राहण्याने अधिक बिघडतात. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस घट्ट होतं, तेल चिकट होऊन मंद वेग आणखी रेंगाळतात. दुरुस्त करणारा शटरची पाती कोरडी ठेवतो, कारण तेलाचा थेंबही त्यांना एकमेकांना चिकटवतो. दात्यांच्या साखळीला, तीही फक्त टेकूंवर, अगदी जेमतेम तेल देतो. फोकसच्या आट्या उलगडताना त्या सुटतात ती जागा आधी खुणावून ठेवतो; त्या अनेक ठिकाणी बसतात, पण अनंतावरचा फोकस एकाच ठिकाणी मिळतो. शेवटी प्रत्येक वेग यंत्रावर मोजायचा.

कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात आणखी एक शत्रू भेटतो: फंगस. वेळीच पुसली तर बुरशी निघते. फार मुरली तर भिंगावरचा लेप खाऊन टाकते. म्हणून सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हवा. बंद चामडी केस दमट राहते आणि बुरशीला हवी तशी जागा देते.

हॅसलब्लाडच्या १९८२ पासूनच्या सीएफ लेन्समध्ये प्रॉन्टर शटर आलं. त्यामुळे जुन्या कॉम्पुरचा एखादा दाता मोडला, तर तो बहुधा दुसऱ्या निकामी लेन्समधूनच काढावा लागतो. जुनी लेन्स विकत घेणारे मात्र ती उजेडाकडे धरून आधी काच निरखतात. काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत क्वचितच दिसतो. त्याऐवजी वेग एक सेकंदावर लावावा, बटण दाबून धरावं आणि दात्यांची घरघर ऐकावी. ती एकसारखी चालली तर काच तपासायला हरकत नाही. मध्येच अडखळली तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावावी.