मंचेरियल : गोदाकाठी दोन दिवस

दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरून प्रवास करणाऱ्यांनी बल्लारशा आणि काझीपेठ यांच्यामध्ये मंचेरियल हे नाव अनेकदा वाचलेले असते. तेथे उतरलेले मात्र थोडेच. कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि औष्णिक वीज ही या शहराची ओळख. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले मंचेरियल ऑक्टोबर 2016 मध्ये स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय झाले. पर्यटकांसाठी सजवलेले असे येथे काही नाही. परंतु गोदावरीचा काठ, डोंगरी किल्ला आणि व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य या तिन्ही गोष्टी येथे एकाच मुक्कामातून पाहता येतात. गर्दीच्या किनाऱ्यांना कंटाळलेल्या गोमंतकीयांनी दोन दिवस काढावेत, एवढा ऐवज या परिसरात निश्चित आहे.

कसे आणि केव्हा जावे

गोव्याहून प्रथम सिकंदराबाद गाठावे. तेथून कागजनगरच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या साधारण चार ते साडेचार तासांत मंचेरियलला पोहोचवतात. स्थानक येण्यापूर्वी गाडी गोदावरी ओलांडते. त्या वेळी खिडकीजवळ असावे. शहर नदीच्या उत्तर तीरावर आहे. स्थानिक लोक त्याला ‘मंचिर्याल’ म्हणतात. व्यवहाराची भाषा तेलुगू असली तरी बाजारात हिंदीवर काम भागते. मराठी घरोघरी ऐकायची तर जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बेला आणि जैनथच्या बाजूला जावे लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि कोळशाच्या पट्ट्यातील धूळ त्रासदायक ठरते. पावसाळ्यात नदी भव्य दिसते, पण अरण्याच्या गाभ्यातील वाटा बंद असतात.

पहिला दिवस : किल्ला आणि नदी

सकाळ गांधारी किल्ल्यासाठी राखून ठेवावी. मंदमर्री मंडलातील बोक्कलगुट्टा गावाजवळ, वालुकाश्माच्या टेकडीवर हा किल्ला आहे. कातळात कोरलेल्या मूर्ती आणि पाण्याची टाकी हे त्याचे वैशिष्ट्य. तटबुरुजांचा थाट अपेक्षित ठेवून गेलेल्याची निराशा होईल; खडकाचा उपयोग माणसाने कसा करून घेतला, हे पाहण्यासाठी गेलेल्याची होणार नाही. गांधारी मैसम्मा ही येथील देवता. माघात नायकपोड आदिवासी तिची जत्रा भरवतात. वर खाण्यापिण्याची सोय नाही. पाणी बरोबर न्यावे, बूट घालावेत आणि ऊन चढण्यापूर्वी उतरावे.

दुपारनंतर लक्षेट्टिपेटच्या रस्त्याने गुडेमगुट्टा गाठावा. गोदावरीजवळच्या या टेकडीवर सत्यनारायणस्वामींचे मंदिर आहे. कार्तिकात येथे मोठी गर्दी लोटते. इतर वेळी मावळतीचा प्रकाश आणि नदीचे पात्र निवांतपणे पाहता येते. ही नदी त्र्यंबकेश्वरची. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि तेलंगणात याच नदीवर ‘पुष्करालु’ साजरे होतात. मागील पुष्कर 2015 मध्ये झाले. पुढील 2027 मध्ये आहेत. त्या दिवसांत स्नानाचा हेतू नसेल तर हा प्रवास टाळावा.

ताटात काय आणि संध्याकाळी काय

सकाळी ‘टिफिन’ची छोटी दुकाने शोधावीत. इडली-डोसा सर्वत्र मिळतो. हिरव्या मुगाचा पेसरट्टू मिळाला तर तो सोडू नये. जेवणात ‘जोन्न रोट्टे’ म्हणजे आपली ज्वारीची भाकरी आणि ‘गोंगुरा’ म्हणजे अंबाडी. तांदळाच्या पिठात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि कढीपत्ता घालून थापलेले ‘सर्व पिंडी’ खाताना थालीपिठाची आठवण होते. संक्रांतीच्या सुमारास कुरकुरीत वळ्यांचे ‘सकिनालु’ विकत घ्यावेत. मासेखाऊ गोमंतकीयांना येथे समुद्राची चव मिळणार नाही. मात्र गोड्या पाण्यातील मरळ माशाचा चिंच घातलेला ‘पुलुसु’ आंबट-तिखटाची आवड नक्की भागवतो. गोव्यात माडाची सूर काढतात, तर येथे ताड आणि शिंदीची ताडी, म्हणजे ‘कल्लु’. ती घ्यायचीच तर सकाळची ताजी घ्यावी.

संध्याकाळ म्हणजे बाजारातील फेरफटका, मिरची भजी, चहा आणि तेलुगू चित्रपट. याहून अधिक रात्रजीवनाची अपेक्षा ठेवू नये. अपवाद नवरात्राच्या सुमारास येणाऱ्या बतुकम्माचा. रानफुलांचे उंच थर रचून स्त्रिया त्याभोवती फेर धरतात. धालो किंवा भोंडला पाहिलेल्यांना त्या फेरात परकेपणा वाटणार नाही.

दुसरा दिवस : कव्वालचे अरण्य

पहाटे निघून जन्नारम गाठावे. कव्वाल अभयारण्याला 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा क्षेत्र सुमारे 890 चौरस किलोमीटर आहे. वनखात्याची सफारी जन्नारमहून निघते आणि तेथेच राज्य पर्यटन विभागाचे निवासस्थानही आहे. सागवानाच्या जंगलात चितळ, नीलगाय आणि भरपूर पक्षी दिसतात. वाघ दिसण्याची आशा ठेवून जाऊ नये. ताडोबातून स्थलांतर करणाऱ्या वाघांसाठी ही भूमी महत्त्वाची असली, तरी त्यांचे दर्शन दुर्मीळच आहे.

गोव्याच्या वाचकासाठी कव्वालचे महत्त्व सफारीपुरते नाही. म्हादई परिसरात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै 2023 मध्ये दिला, तेव्हापासून वनातील वस्त्यांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे धुमसत आहे. कव्वालच्या गाभ्यातील रामपूर आणि मैसमपेट या वस्त्या जंगलाबाहेर नव्या वसाहतीत हलवण्यात आल्या. दुसरीकडे, जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगू येथून केसलापूरच्या नागोबासाठी गोदावरीचे जल पायी नेण्याची मेसराम कुळातील गोंडांची परंपरा आजही सुरू आहे. पौष अमावास्येला तेथे यात्रा भरते. वाघासाठी जागा मोकळी करणे आणि माणसाचे वनाशी असलेले नाते जपणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी किती कठीण आहेत, हे येथे डोळ्यांनी पाहता येते. पाहुण्याने वस्तीत परवानगीवाचून छायाचित्रे काढू नयेत.

एक दिवस अधिक असेल तर

पूर्वेकडे चेन्नूरमार्गे जाणारा महामार्ग प्राणहिता ओलांडून महाराष्ट्रात सिरोंचाला पोहोचतो. तेथून गोदावरीवरील पुलाने पुन्हा तेलंगणात उतरले की कालेश्वरम येते. मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत. वर्धा आणि वैनगंगेचे पाणी घेऊन आलेली प्राणहिता येथे गोदावरीला मिळते. वेळ एकाच दिवसाचा असेल, तर मात्र कालेश्वरमचा मोह सोडून जन्नारम निवडावे. संगम रस्त्यावरून तासाभरात पाहून होतो. अरण्याला पहाट द्यावी लागते.