औषध एक, प्रयोगशाळा तीन

म्हातारपण लांबवणाऱ्या औषधाची बातमी आली की मी आधी बघतो, अमेरिकेच्या ‘इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम’ने ते तपासलंय का? तिथे मेन, मिशिगन आणि टेक्सासमधल्या तीन प्रयोगशाळा तेच औषध एकाच वेळी उंदरांना खाद्यातून देतात. उंदीरही चार जातींच्या संकरातले, त्यामुळे निकाल एकाच जातीपुरता राहत नाही.

रेझव्हेरॅट्रॉल या औषधाचा केवढा गाजावाजा! इथे त्याने उंदरांचं आयुष्य वाढलंच नाही. रॅपामायसिन या दुसऱ्या औषधाची गोष्ट तर भन्नाट आहे. ते खाद्यात टिकेना. सूक्ष्म वेष्टनात घालून टिकवेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे माणसाच्या हिशेबात साधारण साठीचे झाले होते. तरीही सुरू केलं आणि तिन्ही ठिकाणी नर-माद्या जास्त जगल्या. २००९मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.