मोबाइल आणि मोटार बोलतात कसे?

मोटार सुरू झाली की खिशातल्या मोबाइलमधील गाणे तिच्या ध्वनिवर्धकांतून ऐकू येऊ लागते. फोन आला तर गाणे थांबते आणि मोबाइलला हात न लावता बोलता येते. दोहोंमध्ये तार तर कुठेच दिसत नाही! मग हे घडते कसे?

हे काम रेडिओ लहरी करतात. या बिनतारी पद्धतीचे नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकातील हाराल्ड ब्लूटूथ या राजाने डेन्मार्कमधील टोळ्यांना एकत्र आणले, असे इतिहास सांगतो. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे जोडणाऱ्या पद्धतीसाठी १९९७ साली त्याचेच नाव सुचवले गेले.

या लहरींची कंप्रता सुमारे २,४०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. लहरींचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. वेगाला कंप्रतेने भागा. तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर येते. लहरींची शक्ती बहुधा काही मिलिवॅट एवढीच असते, त्यामुळे त्या थोड्याच अंतरापर्यंत पोचतात. मोटारीला तेवढे पुरते.

पण सिग्नलपाशी शेजारी शेजारी दहा मोटारी उभ्या असतात. एकीतले गाणे दुसरीत का शिरत नाही? अशी कल्पना करा, की एका चाळीत ७९ खोल्या आहेत. दोन मित्र एका खोलीत अर्धा शब्द बोलतात, लगेच दुसरीत जातात, मग तिसरीत. कोणत्या क्रमाने जायचे, हे त्या दोघांनाच ठाऊक. ब्लूटूथच्या ठरलेल्या पट्ट्यात प्रत्येकी १ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या ७९ मार्गिका असतात आणि मोबाइल व मोटार सेकंदाला १,६०० वेळा मार्गिका बदलतात! कंप्रता बदलत राहण्याच्या अशाच एका युक्तीचे पेटंट १९४२ साली अमेरिकेत अभिनेत्री हेडी लामार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळाले होते. त्यात कंप्रता ८८ होत्या, पियानोला असतात तितक्याच पट्ट्या!

पहिल्या जोडणीच्या वेळी दोन्ही पडद्यांवर बहुधा सहा अंकी संख्या दिसते. ती सारखी आहे ना, हे पाहूनच संमती द्यायची. नाहीतर भलत्याच यंत्राशी जोडणी व्हायची!

फोनवरचा आवाज गाण्याच्या मानाने बोदा का वाटतो? गाणे एकाच दिशेने जाते. ते क्षणभर साठवून उशिरा वाजवले तरी चालते. संभाषण दुहेरी असते. तेथे विलंब खपत नाही. म्हणून आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच घेतले जातात. संगीताच्या सीडीमध्ये ते ४४,१०० असतात. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतच्याच कंप्रता टिकतात, त्यामुळे वरच्या कंप्रता गळून जातात.

आणखी एक अडचण असते. पलीकडच्याचा आवाज मोटारीच्या ध्वनिवर्धकातून निघून तिथल्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो. तो तसाच परत गेला, तर त्याला स्वतःचेच बोलणे ऐकू येईल. परंतु ध्वनिवर्धकाला काय पाठवले, हे यंत्रणेला ठाऊक असते. त्यावरून ती प्रतिध्वनीचा अंदाज बांधते आणि तेवढा भाग वजा करते.

अशा रीतीने हात मोकळे झाले. पण मनाचे काय? अमेरिकेतील यूटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी याचे प्रयोग केले व २००१ साली ते प्रसिद्ध केले. वाहन चालवण्यासारखे काम करताना फोनवर बोलणाऱ्यांच्या नजरेतून कृत्रिम वाहतूक-दिवे दुपटीने निसटले. जे दिसले, त्यांनाही प्रतिसाद उशिरा मिळाला. फोन हातात असो वा नसो, फरक पडला नाही! याचे कारण असे, की डोळे रस्त्यावर असले तरी लक्ष संभाषणात गुंतलेले असते.

आता हे गणित करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. लक्ष एक सेकंद उडाले, तर तेवढे अंतर कोणाच्या भरवशावर काटले जाते? म्हणून बाबांना किंवा आईला फोन कराल आणि ते गाडी चालवत आहेत असे कळेल, तेव्हा ‘नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवा. प्रतिध्वनी यंत्र वजा करते; अपघात मात्र आपल्यालाच वजा करायचा असतो.