वादळवाऱ्यात गाडी सांभाळा
सध्या उन्हाळी धानाचे कट्टे, रिकामे ड्रम गाडीवर घेऊन आपण देवरीला येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो, आणि रुंद बोजा ताडपत्रीसारखा वारा धरतो. बोजा अरुंद, खाली, घट्ट बांधा.

महामार्ग ५३ वर ट्रक बाजूने जाताना वारा अडतो, तो पुढे गेला की एकदम झोत लागतो. जंगल संपून मोकळे बांध लागले की तसंच. आधीच वेग कमी करा. गुडघे टाकीला टेकवा, हात ताठ ठेवू नका, अगदी कडेने चालवू नका.

विजा चमकल्या तर झाडाखाली नको, पक्क्या घरात थांबा. कट्टे भिजले तर वाळवता येतील. तुम्ही घरी पोचलं पाहिजे.
– तुमचा कृषी सल्लागार